आठ महिने, एक छोटा लाइट आणि पाच सेंटिमीटरचे घोडे

तळहाताएवढा हा आरजीबी, म्हणजे हवा तो रंग देणारा, एलईडी लाइट मी घेतला तो फक्त माझ्या घोड्यांच्या फोटोंसाठी. माझ्याकडे ब्रेयर कंपनीचे स्टेबलमेट्स, म्हणजे छोटे मॉडेल घोडे आहेत, १:३२ प्रमाणातले. खांद्याशी दीड मीटर भरणारा घोडा या मापात पाच सेंटिमीटरांच्या आत बसतो. ट्यूबलाइटच्या उजेडात ते खेळणीच दिसायचे. पाठीवर चकाकणारा पांढरा पट्टा आणि पोटावरचा साच्याचा सांधा, एवढंच आधी नजरेत भरायचं.

पहिल्याच आठवड्यात एका रात्री खोलीतले सगळे दिवे बंद केले आणि हा लाइट घोड्याच्या मागे, डावीकडे, अगदी टेबलालगत ठेवला, २,५०० केल्व्हिनवर, म्हणजे उबदार पिवळसर उजेडात. आयाळीची कड उजळली. मानेचा स्नायू, गुडघ्याची हाडं, सगळं वर आलं. समोरून पांढरा कार्डपेपर धरला, तर डोळ्यात टाचणीच्या टोकाएवढा उजेड उमटला आणि घोडा चक्क बघायला लागला. त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत उठले नाही.

जमिनीसाठी वाळू नको, या मापात तिचा कण खड्याएवढा दिसतो. मी नाचणीचं पीठ चाळून पसरते. पंखा बंद करून मागे उदबत्ती लावली की पहाटेचं धुकं मिळतं. रंगांपैकी आता मी फक्त फिकट निळा वापरते, चांदण्यासाठी. फोनचं व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप सुधारणारी सेटिंग, मात्र लॉक करावं लागतं, नाहीतर फोन तो निळा पुसायला बघतो.

तक्रारीही आहेत. ब्राइटनेस अगदी कमी ठेवून शटर वेगवान केलं की फोटोत काळे पट्टे येतात. म्हणून मी ब्राइटनेस वरच ठेवते आणि लाइट लांब नेते. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथा हिस्सा उरतो. पण मग सावल्या कडक होतात, त्यासाठी घोड्याजवळ मध्ये बटर पेपर धरते. बॅटरी पूर्वी दीड तास पुरायची, आता जेमतेम तास. चुंबक कमजोर आहे. पत्र्याच्या डब्यावरून लाइट सरकून माझ्या तांबड्या घोडीच्या कानावर पडला, रंगाचा टवका उडाला. त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता चिकटपट्टी लावल्याशिवाय तो डब्यावर ठेवत नाही.

लहान घोड्यांसाठी हा लाइट बिनधास्त घ्या. १:९ प्रमाणातल्या ट्रॅडिशनल, म्हणजे ब्रेयरच्याच मोठ्या घोड्याला मात्र तो पुरत नाही, मान उजळली की मागचे पुठ्ठे अंधारात जातात. त्यासाठी मोठं पॅनल बघतेय.