कोकणच्या हवेच्या नावाखाली खपवलेला गंज

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस खाली वाकून सायलेन्सर बघतो, बॉनेट उघडतो, टायरवर दोन लाथा घालतो. सीटखाली मात्र कुणी हात घालत नाही. राधानगरी तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सचिवांचे २०२१ च्या दसऱ्याला ७ लाख ४५ हजार रुपये गेले ते एवढ्यामुळेच. त्यांचं सगळं प्रकरण कागदांसकट इथे मांडतो आहे, कारण पावसाळा संपला की पुरात बुडालेल्या अशाच गाड्या पुन्हा बाजारात येतात.

घरात पाच माणसं, आठवड्याला कोल्हापूरची फेरी, वर्षातून दोनदा फोंडा घाट उतरून कोकण. अशा घराला चार मीटरच्या आतली, उंच बसणीची गाडी लागते. सचिवांनी २०२० चं डिझेल मॉडेल शोधलं. एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी पासिंग, पांढरा रंग, पहिला मालक, मीटर ४६ हजार. त्या मॉडेलचा तेव्हाचा बाजारभाव साधारण ८ लाख ६० हजार होता. म्हणजे ही गाडी लाख-सव्वा लाखाने स्वस्त. आकडा मुद्दाम असाच ठेवतात. तीन लाख कमी सांगितले तर गिऱ्हाईक बिचकतं, एक लाख कमी सांगितले की ते घाई करतं.

एजंटचं बोलणं नीट बघा, कारण त्यात प्रत्येक शंकेचं उत्तर आधीच पेरलेलं होतं. “रत्नागिरीकडच्या डॉक्टरांची गाडी आहे पाव्हणं, आठवड्यातनं एकदा बाहेर निघायची. खाली थोडा गंज दिसंल, कोकणची हवा खारी असती. आपल्याकडच्या पुरातली गाडी न्हाई ही, पासिंगच बघा की.”

हा शेवटचा टोला वर्मी लागतो. कोल्हापूरकरांना पूर माहीत आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांपलीकडे गेलं. शाहूपुरी कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर, प्रयाग चिखली, आंबेवाडी अशा ठिकाणची एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगची, गाडी म्हटलं की इथला माणूस चार प्रश्न जास्त विचारतो. एमएच ०८ बघून तो निर्धास्त होतो. पण जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं होतं आणि चिपळूण रत्नागिरी जिल्ह्यात येतं. ही गाडी तिथलीच होती. पाणी सीटच्या बैठकीपर्यंत चढलेलं.

आता खाऱ्या हवेचा गंज आणि पुराचा गंज यांतला फरक. हा एक मुद्दा समजला तरी हे लिहिण्याचं चीज झालं.

खारी हवा गाडीला बाहेरून खाते. सायलेन्सर, खालच्या फ्रेमचे बोल्ट, दाराच्या तळाची कड, चाकाच्या कमानीची आतली बाजू, वायपरचा दांडा इथे गंज धरतो. बंद केबिनच्या आतलं लोखंड मात्र तिथेही वर्षानुवर्षं बरं राहतं. पुराचं पाणी आत शिरतं, गाळ घेऊन येतं आणि गाळ ओल धरून ठेवतो. म्हणून पुराचा गंज केबिनच्या आत सापडतो. पुढची सीट पूर्ण मागे सरकवा आणि मोबाइलचा टॉर्च लावून रुळाचे पुढचे दोन बोल्ट बघा. मग सीट पूर्ण पुढे घ्या आणि मागचे बघा. सचिवांच्या गाडीत पुढचे दोन बोल्ट काळे रंगवलेले होते, मागच्या दोघांवर तांबूस पापुद्रा होता. बोल्टच्या सहा कडांवर पान्याचे ताजे ओरखडेही होते. दीड वर्षाच्या गाडीच्या सीट कशाला उतरवल्या जातील? गालिचा काढून धुवायलाच.

तिथेच ब्रेक पॅडलचा दांडा ज्या पट्टीला लटकतो ती पट्टी बघा. त्यासाठी ड्रायव्हरच्या पायांच्या जागेत उताणं पडावं लागतं. कपडे मळले तरी चालतील. स्टिअरिंगखालची लोखंडी ब्रॅकेट, डॅशबोर्डच्या आतला आडवा पाइप, सीटखालच्या स्प्रिंगा, या जागा धुणारा धुतो पण रंगवत बसत नाही. कोकणातल्या गाडीत त्या कोरड्या आणि स्वच्छ असतात. पूर बघितलेल्या गाडीत त्यांच्यावर लालसर ठिपके असतात आणि नखाने खरवडलं तर बारीक राखाडी माती निघते.

सीटबेल्टची खूणही तशीच बोलकी असते. पट्टा सावकाश ओढत अगदी शेवटपर्यंत बाहेर काढा. गाडी धुणारे वरचा दोन-अडीच फूट पट्टा साबणाने घासतात, पण दाराजवळच्या खांबाच्या (पिलरच्या) आतल्या गुंडाळीत राहिलेला भाग तसाच असतो. या गाडीत शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चहाच्या डागासारखी आडवी रेघ होती. पट्टा परत जाताना मध्येच अडकायचा, कारण गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये गाळ होता. चारही पट्टे नवे दिसत असतील तर त्यांच्या तळाच्या लेबलावरची तारीख गाडीच्या सालाशी जुळते का बघा.

बाकी जागा भराभर सांगतो. स्टेपनी उचलून खालचा खळगा आणि जॅकची खाच. ग्लोव्हबॉक्स काढून एसीचा केबिन फिल्टर आणि ब्लोअरची पंखुडी. हेडलाइटच्या आत आडवी धूसर रेघ. अल्टरनेटरच्या खाचांतली माती. डॅशखालच्या फ्यूजबॉक्समधल्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर. नवे सीट कव्हर, नवे मॅट आणि अत्तराचा डबा एकत्र दिसले तर काचा बंद करून गाडी अर्धा तास उन्हात ठेवा, मग दार उघडून पहिला वास घ्या.

बिघाड कसे आले त्याचा क्रमही ध्यानात घ्या. नोव्हेंबरमध्ये मागच्या दाराची पॉवर विंडो बंद पडली. वायरमनने स्विच बदलला, आठ दिवसांत दुसरं दार गेलं. डिसेंबरात किल्ली कधी ओळखायची, कधी नाही. जानेवारीत फोंडा घाटात चालत्या गाडीचा वीजपुरवठा तुटला, इंजिन बंद पडलं आणि त्यासोबत इलेक्ट्रिक स्टिअरिंग जड झालं. वळणावर समोरून बस येत होती. गाडी कड्याच्या बाजूला घासत थांबली. माणसं वाचली म्हणून हे प्रकरण पैशांपुरतं राहिलं.

पुराच्या गाडीत हे बिघाड लगेच का येत नाहीत? पाणी वाळतं, पण तांब्याच्या तारेत रबराखालून शिरलेली ओल आत राहते. कनेक्टरच्या पिनांवर थर चढायला दोन-चार महिने लागतात. थर वाढला की विजेला विरोध वाढतो, गाडीच्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलला व्होल्टेज कमी पडतं आणि बिघाड आज इथे, उद्या तिथे असा फिरत राहतो. म्हणून एकेक सुटा भाग बदलून अशी गाडी सुधारत नाही. पूर्ण वायरिंगच बदलावं लागतं.

एअरबॅगचं प्रकरण तर गुन्ह्याच्या जवळ जाणारं आहे. तिचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत दोन सीटमधल्या उंचवट्यावर, गिअरच्या आसपास, अगदी खाली बसवलेलं असतं. पाणी सीटपर्यंत आलं म्हणजे ते युनिट बुडालंच. मग मीटरवर एअरबॅगचा दिवा कायम पेटतो. या गाडीत तो पेटत नव्हता, कारण मीटर उघडून त्यातला तो बारीक एलईडीच काढला होता. इग्निशन चालू केल्यावर हा दिवा आधी पेटला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. जो पेटतच नाही तो कायम पेटणाऱ्यापेक्षा वाईट. एअरबॅगच्या जागी रेझिस्टर नावाचा बारीक विजेचा भाग बसवून युनिटलाच फसवण्याचीही पद्धत आहे, ती नुसत्या दिव्यावरून कळत नाही. त्यासाठी स्कॅनर लावणारा वायरमन सोबत न्या. उद्यमनगरात असे कारागीर मिळतात. त्याला दोन गोष्टी विचारा: एअरबॅग युनिटशी संपर्क होतो का, आणि बिघाडाचे कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली. दुसरा आकडा १० किंवा २० आला तर गाडी दाखवायच्या आधी कोड पुसले आहेत असं समजा.

आता कागद. सचिवांकडे आरसी, दोन्ही किल्ल्या, पीयूसी सगळं होतं. ॲपवर नाव आणि बोजा बघितला, दोन्ही बरोबर. फसवणूक दुसऱ्या ठिकाणी होती.

मूळ मालकाने कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी टो करून नेली होती. दुरुस्तीचं एस्टिमेट ६ लाख ८० हजार, आणि पॉलिसीतली आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ८ लाख २० हजार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण वाया गेलेली, धरते. इथे तो ८२ टक्क्यांवर होता. मालकाला पैसे मिळाले, गाडी भंगार म्हणून लिलावात गेली. घोटाळा पुढेच होतो. गाडी कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाने ते १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, म्हणजे नोंदणी रद्द होते. पण सौदा ‘आरसीसह’ झाला तर नोंदणी जिवंत राहते. मालकाकडून मालकी बदलाचे टीटी फॉर्म, म्हणजे २९ आणि ३०, कोरे सही करून घेतले जातात आणि गाडी तीन हात फिरली तरी आरसीवर पहिलाच मालक दिसतो. ‘फर्स्ट ओनर’ म्हणून जी गाडी विकली ती खरं तर चौथ्या हातातली होती.

हे उघड करायला एक फोन पुरेसा होता. आरसीवरच्या मालकाशी स्वतः बोला. एजंट नंबर देत नसेल, “डॉक्टर परदेशात आहेत” म्हणत असेल, तर उठून या. मालक भेटला तर एवढंच विचारा: गाडी तुम्ही कुणाला आणि का दिली?

दुसरा धागा विम्याचा. मूळ पॉलिसीची मुदत अजून संपली नव्हती, तरी एजंटने ऑक्टोबरात नवी थर्ड पार्टी पॉलिसी हातात ठेवली. चालू पॉलिसी असताना नवी कशाला? टोटल लॉस दिल्यावर जुनी रद्द झाली होती म्हणून. आणि फुल पॉलिसी काढायची तर विमा कंपनीचा माणूस गाडी तपासायला आला असता. जुनी पॉलिसी मागा, तिचा नंबर घेऊन विमा कंपनीला ती चालू आहे का आणि क्लेम झाला आहे का ते विचारा. एनसीबीचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, टक्काही बघा. क्लेम नसेल तर तो २०, २५, ३५, ४५, ५० असा चढत जातो. मध्येच शून्यावर आला तर त्या साली क्लेम झालेला असतो किंवा मालक बदललेला असतो, कारण एनसीबी माणसाची असते, गाडीबरोबर जात नाही.

तिसरा धागा सर्व्हिसचा. त्याच कंपनीच्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये गाडीचा इतिहास नंबरवरून निघतो. तो मालकाने मागितला की सोपं जातं, म्हणूनही मालक समोर हवा. या गाडीची जून २०२१ ची नोंद ५२ हजार ४०० किलोमीटरची होती. चार महिन्यांनी मीटर ४६ हजार. आठवड्यातून एकदा निघणारी गाडी १६ महिन्यांत ५२ हजार कशी चालेल, हा हिशेब तिथल्या तिथे मांडता आला असता.

सचिवांनी शेवटी तक्रार करायचं ठरवलं तेव्हा विसारपावती बाहेर काढली. त्यावर छापील ओळ होती: “गाडी जशी आहे तशी, पूर्ण तपासून घेतली.” २५ हजार विसार देताना ती कुणी वाचली नव्हती. विसार देण्याआधी पावतीवर हाताने हे लिहून घ्या: गाडी पुराच्या पाण्यात गेलेली नाही, टोटल लॉस क्लेम झालेला नाही, मीटर खरं आहे, यातलं काही खोटं निघाल्यास पूर्ण रक्कम परत. खाली विकणाऱ्याची सही, आधार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, तारीख. लिहून द्यायला जो नकार देतो त्याने उत्तर दिलेलंच असतं. पैसे खात्यातून द्या. सचिवांनी २ लाख रोख दिले होते, त्यांचा कुठेच पुरावा नाही.

एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृततेचं प्रमाणपत्र लागतं, फॉर्म २९बी. गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद फॉर्म २९सीने होते. हे दोन कागद मागा. ज्याच्याकडे आहेत त्याला नंतर शोधता येतं, आणि अशा व्यावसायिक विक्रेत्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी नाही. आधी विचारायचं असेल तर १९१५ ही हेल्पलाइन आहे. साध्या माणसाकडून घेतलेल्या गाडीला हा रस्ता जवळपास बंद असतो.

सध्या एक नवी युक्ती चालू आहे, तीही सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंत पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंत डिझेल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी सेससह तो २९ ते ३१ टक्के होता. एजंट मात्र नव्या गाडीचा जुनाच भाव सांगून जुनी गाडी स्वस्त दाखवतात. जुन्या गाडीचा सौदा करण्याआधी शोरूममधून त्याच मॉडेलचं आजचं कोटेशन लेखी आणा. आणि कुणी जुन्या गाडीच्या पूर्ण किमतीवर १८ टक्के लावत असेल तर ऐकू नका. नोंदणीकृत डीलरला तो कर फक्त त्याच्या नफ्यावर असतो.

गाडी आधीच घेतली असेल आणि वरच्या खुणा आता दिसत असतील, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि गाडी घाटात नेऊ नका. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना स्वतः हात लावू नका. सीटचे बोल्ट, पट्टे, फ्यूजबॉक्स यांचे तारीख दिसेल असे फोटो काढा, वर्कशॉपमधून लेखी तपासणी अहवाल घ्या, आणि तो हातात आल्याशिवाय एकही भाग बदलू नका. सचिवांनी नोव्हेंबरात विंडोचे स्विच बदलून जुने फेकून दिले. गाळाने भरलेले ते दोन स्विच आज आयोगापुढे ठेवायला नाहीत.