काळी मेंदी सोडून सात महिने मेंदी आणि नीळ: माझा अनुभव

मी दापोली तालुक्यातली. दहा-बारा वर्षं दुकानातली काळी मेंदी लावत होते. पुड्यावर पानांचं चित्र आणि ठसठशीत 'हर्बल'. गेल्या वर्षी हरतालिकेच्या आदल्या दिवशी लावली आणि गणपती घरात आले त्या सकाळी डोळेच उघडेनात. पापण्या, कपाळ, कान टम्म सुजलेले, मानेवरच्या फोडांतून पाणी येत होतं. आरती मी आतल्या खोलीत पडून ऐकली. आधी दोनदा कानामागे खाज आली होती, पण आपल्या दमट हवेत घामोळं आलं असेल म्हणून पावडर लावून गप्प बसले. तिथेच थांबायला हवं होतं.

त्वचेच्या डॉक्टरांनी पुड्यामागची बारीक अक्षरं वाचून दाखवली: पॅराफेनिलिनडायअमीन, म्हणजे पीपीडी. नुसत्या मेंदीचा रंग तांबूस-केशरीच येतो; तासाभरात केस काळेभोर करते ती ही पीपीडी. वर्षानुवर्षं सोसलं म्हणून पुढेही सोसेल असं नाही, आणि एकदा ॲलर्जी झाली की ती सहसा जन्मभर राहते. दाताच्या डॉक्टरांनाही हे सांगून ठेवा, असं त्यांनी बजावलं. बधिर करायच्या काही औषधांनी, उदाहरणार्थ बेंझोकेनने, अशांना त्रास होऊ शकतो.

दोन महिने पांढऱ्या केसांनीच वावरले. दिवाळीपासून मेंदी आणि नीळ, आतापर्यंत सहा वेळा. नीळ म्हणजे नीळीच्या पानांची पूड, कपड्यांची नीळ नव्हे! मेंदीच्या पुड्यावर फक्त लॉसोनिया इनर्मिस आणि नीळीच्या पुड्यावर फक्त इंडिगोफेरा टिंक्टोरिया लिहिलेलं हवं. तिसरं काही दिसलं तर मी घेत नाही. तरीही पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून ४८ तास वाट पाहिली. पाल्याचीही ॲलर्जी येऊ शकते.

मेंदी रात्री भिजवते, सकाळी तीन तास डोक्यावर. धुऊन मग नीळ. ती कोमट पाण्यात आयत्या वेळी कालवायची, लिंबू-दही काही नको. पूड हिरवी असते, वास ओल्या गवताचा. दहा-पंधरा मिनिटांत वरचा थर काळपट निळा होतो, तेव्हा लगेच लावायची. दीड तासाने नुसत्या पाण्याने धुवायचे. त्या दिवशी केस हिरवट दिसतात, पहिल्यांदा मी घाबरलेच. दोन दिवसांत रंग गडद होतो, तोवर शाम्पू नाही.

त्रास आहेच. अख्खी सकाळ जाते, न्हाणीची फरशी हिरवी होते, खर्च पूर्वीच्या कितीतरी पट. कानशिलावरचे केस तीन आठवड्यांत तपकिरी पडतात. पण सात महिन्यांत एकदाही खाज नाही.

परवा शेजारच्या काकू लग्नासाठी तसलाच पुडा घेऊन आल्या. मी पुडा उलटा करून ती ओळ दाखवली. त्या म्हणाल्या, "मला तर कधी काही झालं नाही." मी त्यांना कानामागे खाज येते का, एवढंच विचारलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.