फ्रॅजाइल एक्स कॅरिअर असाल तर इंदूरच्या या काउन्सेलिंगबद्दल वाचा

दोन महिन्यांपूर्वी आम्ही गीता भवनच्या बाजूला एका जेनेटिक काउन्सेलर मॅडमकडे जाऊन आलो, त्यांना विचारलं नाहीये म्हणून नाव टाकत नाही. मुलगा सहा वर्षांचा, त्याला फ्रॅजाइल एक्स निघालं, म्हणजे मुलाच्या शिकण्या-वागण्यावर परिणाम करणारा आनुवंशिक आजार, मग माझं ब्लड पाठवलं तर मी कॅरिअर, म्हणजे तो पुढे नेणारी वाहक, रिपोर्टवर 92 रिपीट्स. आधीच्या एका डॉक्टरांनी "तुम्ही फक्त कॅरिअर, तुम्हाला काही नाही" एवढंच सांगून घरी पाठवलं होतं, आणि मी रोज पहाटे तीनला टक्क जागी, छातीत धडधड, सगळे म्हणायचे अगं मुलाचं टेन्शन आहे, होणारच.

या मॅडमनी मुलाची फाइल बाजूला ठेवली आणि आधी मला विचारलं, झोप लागते का, पाळी वेळेवर येते का, लग्नाआधीही असं घाबरायला व्हायचं का. व्हायचं हो, बारावीपासून! इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. मग रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूवर पेनाने काढून दाखवलं, एक्स क्रोमोसोमवर एफएमआर1 जीन, त्यात सीजीजी ही अक्षरं परत परत येतात, 55 ते 200 वेळा असतील तर प्रीम्युटेशन म्हणजे मी, 200 च्या वर गेली की माझा मुलगा. प्रीम्युटेशनवाल्या बायकांमध्ये अँग्झायटी, डिप्रेशन जास्त दिसतं, मूल सांभाळायचा ताण त्यात असतोच पण सगळं त्याच्यावर ढकलता येत नाही. शिवाय साधारण पाचातल्या एकीच्या ओव्हरीज चाळिशीच्या आतच मंदावतात. माझी पाळी वर्षभर पुढेमागे होतेय, मी आईलाही बोलले नव्हते.

आणि मग विचारलं, वडिलांचे हात थरथरतात का, कारण प्रीम्युटेशन असलेल्या पुरुषांना उतारवयात असा त्रास होऊ शकतो. मी गप्पच झाले. रामबागेतल्या घरी आई हल्ली बाबांना अर्धाच पेला चहा देते, भरलेला त्यांच्याकडून सांडतो, आम्ही म्हणायचो वय झालं. मॅडम म्हणाल्या टेस्ट केल्याशिवाय सांगता येणार नाही, पण बाबांकडून आलं असेल तर त्यांच्या सगळ्याच मुलींमध्ये येतं. म्हणजे ताईलाही.

गोळ्या त्या देत नाहीत, सायकियाट्रिस्टकडे चिठ्ठी दिली, औषध सुरू आहे आणि आता पहाटेची धडधड बरीच कमी झालीये. रात्री फारच झालं तर 14416 लावा म्हणाल्या, टेली मानस ही मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आणि चोवीस तास.

खटकलं ते सांगते. अपॉइंटमेंट असून सव्वा तास बसवलं, मुलाला तेवढा वेळ आवरणं म्हणजे काय हे त्यांना तरी कळायला हवं. फॉर्म सगळा इंग्रजीत. पहिल्या सिटिंगचे 1500, पण पूर्ण तासभर बोलल्या.

पुढच्या शनिवारी ताई आणि बाबा दोघांना नेतेय. दुसरा मजला आहे, लिफ्ट नाही आणि जिन्याला कठडा एकाच बाजूला, घरातलं मोठं माणूस सोबत असेल तर आधी फोन करा, मॅडम खाली येऊन बोलतात.