नीडल बर्नर: दाताच्या दवाखान्यात घ्यावा का?

कोल्हापुरातल्या सर्जिकल दुकानांत साधारण दोन-तीन हजारांत मिळणारा नीडल बर्नर, म्हणजे वापरलेल्या सुया जाळणारं मशीन, त्याचं काम नीट करतो. भोकात सुई घातली की दोन इलेक्ट्रोडमधून करंट जातो आणि सुई लाल होऊन डोळ्यांदेखत वितळते. हबपाशी, म्हणजे सुईच्या प्लास्टिकच्या बुडाशी, बारीक खुंट उरतो. तो सिरिंजच्या टोकासकट कटरने छाटायचा. म्हणून कटर नसलेलं मॉडेल घेऊच नका. ठिणग्या उडतात, तेव्हा चष्मा हवाच आणि स्पिरिटची बाटली लांब हवी.

इलेक्ट्रोडवर काजळी धरली की सुई जळत नाही, नुसती वाकते. मग लोक ती दाबून बघतात, आणि तिथंच हात सटकतो. आठवड्यातून एकदा प्लग काढून, जाड हातमोजे घालून इलेक्ट्रोड पॉलिश पेपरने घासा. खालच्या ट्रेतला चुरा पांढऱ्या शार्प्स (टोकदार कचऱ्याच्या) डब्यात टाका. डबा पाऊण भरला की बंद.

काट्रिज सिरिंज, म्हणजे भुलीच्या औषधाची तयार नळी बसवायची सिरिंज, वापरणाऱ्यांची मात्र पंचाईत आहे. त्यांची सुई दोन्हीकडून टोकदार. पुढचं टोक जळलं तरी काट्रिजमध्ये घुसणारं मागचं टोक तसंच राहतं. ती जाळत बसू नका. टोपण लावून फिरवून काढा आणि अख्खी डब्यात टाका.

आमची खरी तक्रार वेगळीच आहे: मशीनचा नंबर लागेपर्यंत धोक्याची वेळ टळून गेलेली असते. अक्कलदाढ काढताना भूल वाढवावी लागते, तोवर तीच सुई ट्रेवर पडून असते. दोन्ही हातांनी टोपण लावायला गेलं की ती दुसऱ्या हाताच्या बोटात घुसते. टोपण ट्रेवर आडवं ठेवून एकाच हाताने सुईवर उचला, नाहीतर टोपण उभं धरणारा जड स्टँड घ्या. हा स्टँड मशीनच्या आधी घ्यायची वस्तू आहे. स्केलर टिप, बर, फाइल ही दातांची टोकदार हत्यारं तर मशीनमध्ये जातच नाहीत. त्या धुताना टोचतात मदतनीस ताईंना.

लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीच्या रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के. एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. वाळलेल्या रक्तातही हिपॅटायटिस बीचा विषाणू किमान ७ दिवस तग धरतो. तेव्हा पहिला खर्च हिपॅटायटिस बीच्या लसीचा: ०, १ आणि ६ महिन्यांनी, दंडात, ताईंसकट सगळ्यांना. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लसीने तयार झालेली प्रतिपिंडं) रक्तात तपासा, १० mIU/ml किंवा जास्त हवं. ही तपासणी बहुतेक जण टाळतात. हिपॅटायटिस सीला लस नाही, तिथं स्टँड आणि हाताशी ठेवलेला डबा हेच काय ते संरक्षण.

टोचलंच तर बोट पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. रुग्णाचं रक्त तपासायला संमती घ्या. लस झालेली नसेल आणि रुग्ण हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, शक्यतो २४ तासांत. ते सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) मिळेल की कुठल्या मेडिकलात, हे आजच विचारून फोन नंबर मशीनवरच चिकटवा.