बटण पडतंय म्हणून बटणच काढायचं? फ्यूज, एमसीबी, आरसीसीबी आणि आरसीबीओ यांतलं घराला काय हवं

पाऊस लागला की चिपळूणच्या मावशीचा फोन ठरलेला. "अरे, ते बटण परत पडलं. वर केलं की परत खाली." मी दर वेळी एकच विचारतो, "मोठं की बारकं?" डीबीत, म्हणजे मीटरनंतरच्या वाटप पेटीत, ओळीने बसवलेली बारीक बटणं म्हणजे एमसीबी. त्यांच्या दुप्पट रुंद आणि अंगावर 'टी' लिहिलेली छोटी कळ असते ती आरसीसीबी. तिला दुकानदारापासून वायरमनपर्यंत सगळे अजून ईएलसीबीच म्हणतात. बारकी पडली तर करंट जास्त गेला, मोठी पडली तर करंट भलत्या वाटेने गेला. तपास तिथूनच दोन दिशांना फुटतो.

यंदा तिच्या वायरमनने सरळ सांगितलं, "मोठी काढून टाकू, कटकटच नको." मुलाने मुंबईहून फर्मान काढलं, सगळीकडे आरसीबीओ, म्हणजे दोन्ही कामं एकत्र करणारी डबी, बसव. आणि मागच्या पडवीत अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत. मावशीला तेच सगळ्यांत भरवशाचे वाटतात, कारण "ते कध्धी त्रास देत नाहीत." एका घरात चारही पर्याय हजर, म्हणून तुलना तिच्याच बोर्डावरून करतो.

पडवीतला फ्यूज

मेन बंद करून मी एक किटकॅट उपसला. आत फ्यूजची तार नव्हतीच. साध्या वायरीतल्या तांब्याच्या चार-पाच तारा पिळून, स्क्रूला दोन वेढे देऊन बांधल्या होत्या. कुणीतरी कधीतरी अंधारात, मेणबत्तीच्या उजेडात ही सोय केली असणार. फ्यूज त्रास देत नव्हता तो याच कारणाने. तो उडणंच शक्य नव्हतं. अशा वेळी फ्यूजचं काम वायर करते, आणि वायर असते भिंतीत नाहीतर माळ्याच्या लाकडात.

योग्य तार असलेला फ्यूज वाईट नसतो. शॉर्ट सर्किटला तो झटक्यात वितळतो. दुबळा आहे तो आपला हात. ५ ॲम्पियरची तार संपली की जी मिळेल ती लागते. शिवाय काही जुन्या बोर्डांत न्यूट्रललाही फ्यूज असतो. तो उडाला की दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत फेज जिवंतच. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला ते कळत नाही. स्वस्तपणा सोडला तर फ्यूजच्या बाजूने आज बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

एमसीबी: वायरीची राखण

एमसीबीच्या आत दोन यंत्रणा असतात. एक द्विधातूची पट्टी, जी तापून हळूहळू वाकते आणि खटका पाडते. दुसरी चुंबकीय कॉइल, जी शॉर्ट सर्किटला डोळ्याचं पातं लवायच्या आत पाडते. म्हणून पडायला किती वेळ लागला हे बघा. वर करताक्षणी 'फट्' करून पडली तर कुठेतरी फेज-न्यूट्रल भिडलेत. दहा-पंधरा मिनिटांनी पडली तर एका वायरीवर फार बोजा आहे. हिशेब सोपा आहे, वॉटला २३० ने भागा. २००० वॉटचा गीझर साधारण ८.७ ॲम्पियर घेतो. त्याच लाइनवर २००० वॉटची इंडक्शन लावली की १७.४ झाले आणि १६ची एमसीबी कुरकुरायला लागते.

कुरकुरते, लगेच पडत नाही, हे ध्यानात घ्या. प्रमाणकाप्रमाणे नेमलेल्या करंटच्या १.१३ पटीवर तिने तासभर पडू नये आणि १.४५ पटीवर तासाभरात पडावं अशी अपेक्षा असते. म्हणजे १६ची एमसीबी १८ ॲम्पियर तासभर न पडता वाहून नेते आणि २३ ॲम्पियरलासुद्धा बराच वेळ तग धरू शकते. म्हणूनच "सारखी पडते, ३२ची टाका" हा उपाय मला किटकॅटमधल्या तांब्याच्या तारेइतकाच भयंकर वाटतो. एमसीबीचा आकडा उपकरणावरून ठरत नाही, मागच्या वायरीवरून ठरतो. दिवे-पंख्यांच्या १.५ चौरस मिमी वायरीला ६ किंवा १०, पॉवर प्लगच्या २.५ला १६, एसीच्या ४ला २० हे नेहमीचे जोड. आकडा वाढवायचा तर आधी वायर बदलायची.

आकड्याआधीचं अक्षर बघायला लोक विसरतात. 'बी' जातीची एमसीबी ३ ते ५ पट करंटला तत्काळ पडते, 'सी' जातीची ५ ते १० पटीला. पंप, एसी, जुना फ्रीज सुरू होताना क्षणभर मोठा करंट ओढतात, त्यांना 'सी' लागते. नाहीतर काही बिघडलेलं नसताना दर वेळी खटका पडतो.

आणखी एक फसवणूक दिसण्यातली. डीबीच्या सुरुवातीला बहुधा एमसीबीसारखाच दिसणारा, कित्येकदा लाल खटक्याचा आयसोलेटर असतो. तो हाताने बंद-चालू करायचा स्विच आहे, आपणहून तो कधीच पडत नाही. "मेनला ६३ची आहे की" असं म्हणणाऱ्या कितीतरी घरांत प्रत्यक्षात मेनला संरक्षण काहीच नसतं.

पडलेली एमसीबी परत चढवताना त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा, बटणं बंद करा, पट्टी निवायला दोन-चार मिनिटं द्या. काहींचा खटका मध्येच अडकतो, तो आधी पूर्ण खाली दाबून मग वर करावा लागतो. हात आणि पाय कोरडे, पायात चप्पल, तोंड बोर्डापासून जरा बाजूला. काही जोडलेलं नसतानाही पडली तर दोष वायरिंगमध्ये आहे, तिथे तुमचं काम संपलं. एकेक वस्तू लावताना पडली तर चोर सापडला. तिसऱ्यांदा चढवून बघायची नाही. प्रत्येक वेळी तोच शॉर्ट त्याच जागी पुन्हा पेटतो.

आरसीसीबी: माणसाची राखण

ज्या खटक्याला मावशीचा वायरमन कटकट म्हणाला, तो तिच्या बोर्डातला सगळ्यांत कामाचा आहे. एमसीबी माणसाला वाचवत नाही. अंगातून जाणारा, जीव घेऊ शकणारा करंट मिलिॲम्पियरमध्ये मोजतात आणि १६ ॲम्पियरच्या एमसीबीला त्याची गंधवार्ताही नसते. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघते. ३० मिलिॲम्पियरचा फरक पडायच्या आत तोडते. घरासाठी ३०चीच घ्या. १०० आणि ३०० मिलिॲम्पियरच्या असतात त्या आगीच्या धोक्यासाठी, माणसासाठी नव्हेत.

ती एकटी मात्र पुरत नाही. ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट तिला कळत नाहीत, म्हणून एमसीबी लागतेच. आणि तिचा स्वतःचा ॲम्पियरचा आकडा मेनच्या एमसीबीएवढा किंवा जास्त हवा. मेन ४०ची आणि आरसीसीबी २५ची, असं उलटं बसवलेलं मी पाहिलंय.

पावसात ती का पडते? कारण पावसात गळती खरंच होते. मावशीकडे सगळी बटणं बंद असली की ती बहुतेक वेळा उभी राहायची आणि मिक्सर लावला की पडायची. दोन वर्षं दोष मिक्सरच्या माथी. नवा मिक्सर आला, तोही 'खराब' निघाला. शेवटी सापडलं ते न्हाणीघराबाहेरच्या दिव्यात. लोखंडी ब्रॅकेटच्या मागे वायरीचा जोड, त्यावरची टेप सुटून लोंबत होती आणि पागोळीचं पाणी नेमकं तिथे ठिबकत होतं. उघडा पडलेला न्यूट्रल अर्थिंग केलेल्या ब्रॅकेटला लागत होता. दिव्याचं बटण बंद होतं, पण बटण फक्त फेज तोडतं. घरात दुसरं काहीही सुरू झालं की परतीचा थोडा करंट न्यूट्रल सोडून जमिनीत उतरे, आणि खटका खाली. एकेरी एमसीबीही फेजच तोडते, म्हणून सगळ्या एमसीबी पाडूनही असा दोष हाती लागत नाही. वायरमनला न्यूट्रल एकेक करून सोडवून बघावे लागतात.

इन्व्हर्टर असलेल्या घरांतली कटकट वेगळी. इन्व्हर्टर बसवणारा माणूस सोयीसाठी न्यूट्रल एकत्र बांधून जातो. मग करंट आरसीसीबीतून जातो आणि बाहेरून परत येतो. तिला ती गळतीच वाटते. बिघडलेलं काहीच नसतं, जोडणी चुकलेली असते. अशा घरात "ईएलसीबी चालत नाही हो आमच्याकडे" हे वाक्य हमखास ऐकू येतं.

नवी घेताना 'एसी' जातीची की 'ए' जातीची, हे विचारा. इथे 'एसी' म्हणजे वातानुकूलन यंत्र नव्हे. इन्व्हर्टर एसी, नवी वॉशिंग मशिन यांच्या इलेक्ट्रॉनिक्समधून होणारी गळती साध्या लहरीची नसते, ती 'ए' जातीला नीट कळते. दुकानात बऱ्याचदा 'एसी' जातच पुढे करतात, कारण ती स्वस्त.

आरसीबीओ: दोन्ही एका डबीत

आरसीबीओ म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र. तिचा खरा फायदा घर विभागण्यात आहे. अख्ख्या घराला एकच आरसीसीबी असेल तर बाहेरच्या एका दिव्याने फ्रीजही बंद पडतो. गणपतीला गावी गेलेल्या माणसाने परत येऊन फ्रीजर उघडल्यावर आतल्या सुरमईचं काय झालं असेल, ते सांगायला नको. प्रत्येक लाइनला स्वतंत्र आरसीबीओ असेल तर जिथे दोष तिथलीच पडते आणि शोधाशोध निम्म्याने कमी होते.

अडतं ते पैशावर आणि जागेवर. एका आरसीबीओच्या पैशात साध्या एमसीबी कितीतरी येतात आणि जुन्या डीबीत दुप्पट रुंदीच्या डब्या मावत नाहीत, म्हणजे डीबीही नवी. शिवाय मुलाच्या फर्मानात एक गोम होती. मेनला ३०ची आरसीसीबी तशीच ठेवून आत ३०चे आरसीबीओ घातले तर गळती झाल्यावर आधी कोण पडेल याचा नेम नाही. पैसे जातील आणि घर पूर्वीसारखंच अंधारात.

ठिणगी कुणालाच दिसत नाही

हा भाग चारही पर्यायांना सारखाच लागू आहे, आणि मला सगळ्यांत जास्त भीती याचीच वाटते. माझ्या घरी एकदा चार दिवस स्वयंपाकघराजवळ माशासारखा वास येत होता. मला वाटलं, शेजारी सुकट भाजतायत. डीबीचं झाकण उघडलं तर गीझरच्या एमसीबीखाली प्लास्टिक तपकिरी झालेलं. बारीक तारांची वायर लग (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) न लावता तशीच खुपसलेली, दोन-तीन तारा बाहेर आणि स्क्रू ढिला. वायरमनने मेन पाडून पेचकस लावला तर स्क्रू अर्धा फेरा आत गेला. तेवढ्या अर्ध्या फेऱ्याच्या फटीत ठिणग्या उडत होत्या. एमसीबी पडली नाही, कारण करंट ८-९ ॲम्पियरच होता. आरसीसीबी पडली नाही, कारण गळती नव्हती. ढिल्या जोडावरची ठिणगी दोघींच्याही हिशेबात बसत नाही. ती ओळखणारं आर्क फॉल्ट डिटेक्शन डिव्हाइस वेगळं असतं, पण आपल्या घरांत ते क्वचितच दिसतं.

प्लग काढताना क्षणभर दिसणारी बारीक निळी ठिणगी वेगळी, तिच्यासाठी आधी बटण बंद करायची सवय पुरते. पण चटचट आवाज, जळका किंवा माशासारखा वास, हाताला गरम लागणारी डीबी, कारण नसताना लुकलुकणारे दिवे, यांतलं काही असेल तर त्या एमसीबीला हात लावू नका. कोरड्या हाताने मेन पाडा आणि परत चढवू नका. मेनमध्येच ठिणग्या असतील तर तिलाही शिवायचं नाही. इमारतीच्या मीटर रूममध्ये आपल्या मीटरपुढचा स्विच असेल आणि तो ठीक असेल तर तो पाडावा. मीटरचं किंवा त्याआधीचं काही असेल तर १९१२ वर वीज कंपनीला कळवावं, सील स्वतः तोडू नये. ज्वाळा दिसल्या तर माणसं बाहेर काढून १०१ किंवा ११२. पाणी कदापि नाही. जळालेली एमसीबी पुसून, स्क्रू आवळून परत वापरायची नाही. वायरीचं करपलेलं टोकही कापून टाकायचं.

मग मावशीने काय केलं

भाड्याच्या दोन खोल्या असत्या तर मी एवढंच सांगितलं असतं: एमसीबी आणि मेनला ३० मिलिॲम्पियरची एक आरसीसीबी, पैसे तिथेच घाला. नवं घर बांधताना मोठी डीबी घेऊन लाइनीगणिक आरसीबीओ परवडत असेल तर खुशाल घ्यावेत. मावशीचं घर या दोहोंच्या मधलं. पडवीतले किटकॅट गेले, तिथे एमसीबी आल्या. गीझर, वॉशिंग मशिन आणि बाहेरचे दिवे यांना तीन आरसीबीओ, तेही मेनच्या आरसीसीबीच्या आधी वेगळे काढून, म्हणजे एकमेकांत भांडण नाही. उरलेलं घर जुन्याच आरसीसीबीवर. अर्थिंगचा खड्डा उघडून तपासला. आरसीसीबी अर्थिंगशिवायही अंगाला शॉक बसताक्षणी पडते, पण अर्थिंग असेल तर कुणी हात लावायच्या आधीच पडते.

वायरमन परवानाधारक आहे ना, हे या वेळी विचारून घेतलं. तो थोडा नाराज झाला, पण कार्ड दाखवलं.

'टी' कळ महिन्यातून एकदा दाबून बघायची असते. दाबली की खटका पडलाच पाहिजे, नाही पडला तर ती डबी निकामी. अर्थिंग ठीक आहे का, हे मात्र त्यातून कळत नाही. महिन्याची आठवण कशी राहणार, असं मी म्हटलं, तर मावशीने दिवस तिथल्या तिथे ठरवून टाकला. दर संकष्टीला, मोदक उकडायला ठेवण्याआधी.