सिनेमा की सिरीज: मागणी आलेल्या कादंबरीसाठी

एका मैत्रिणीच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीला एकदम दोन मागण्या आल्यात. एक दोन तासांच्या मराठी सिनेमासाठी, दुसरी ओटीटीवर आठ भागांच्या सिरीजसाठी. कादंबरीत शरीरसंबंधांबद्दल काहीच झाकलेलं नाही. जो तो तिला सांगतोय, ‘ओटीटी घे, तिथे सेन्सॉर नाही.’

हे अर्धंच खरं. 2021च्या आयटी नियमांनुसार ओटीटी प्लॅटफॉर्म स्वतःच ‘ए’चा शिक्का मारतो, आधी कुणी तपासत नाही. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67अ आहेच. उघड लैंगिक कृती ऑनलाइन दाखवल्याबद्दल पहिल्याच शिक्षेत पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे कात्री प्लॅटफॉर्मच्या वकिलाकडे जाते, आणि त्याच्याविरुद्ध लेखिकेला दाद मागायला जागा नसते.

सिनेमाला सेन्सॉर बोर्डाशी हुज्जत घालावी लागते. अपील न्यायाधिकरण 2021मध्ये बंद झाल्यापासून पुढची पायरी थेट हायकोर्ट. तरी ‘न्यूड’ हा मराठी सिनेमा आठवा. 2017मध्ये गोव्याच्या महोत्सवातून वगळला गेला, मग एकही कट न देता ‘ए’ मिळालं आणि 2018मध्ये थिएटरात लागला. फटका पैशांत बसतो, कारण ‘ए’ सिनेमा जसाच्या तसा टीव्हीवर दाखवता येत नाही. त्या बाबतीत सिरीज सरळ सरळ पुढे.

खरी गोम वेगळीच. मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरमधल्या एका ऑफिसात पटकथेचं वाचन चाललं होतं. पुस्तकातली तीन पानं पटकथेत एका ओळीची झाली होती: ‘ते जवळ येतात.’ दिग्दर्शकाने विचारलं, ‘लाइट चालू की बंद?’ मैत्रीण गप्प. मग म्हणाली, ‘लाइटचं आठवत नाही. भिंतीपलीकडे रेडिओवर बातम्या लागल्या होत्या, त्या आठवतात.’ पुस्तकात धीट आहे ते तिचं सांगणं. पडद्यावर तोच धीटपणा एका नटीच्या अंगावर येतो. थिएटरच्या अंधारात नुसता तो रेडिओ ऐकवून पूर्ण प्रसंग उभा करता येईल. मोबाइलवर माणूस बोटाने पुढे सरकवतो, आणि सीन कापून व्हॉट्सॲपवर फिरतो तो रेडिओवाल्या बातम्यांशिवायच.

दुसरं, आठ भाग भरायचे कशाने? आई, भाऊ, जुना नवरा, शेजारची वहिनी, सगळ्यांना ओढावं लागणार. त्यांनी पुस्तक लिहिलेलं नाही. कागदावर नाव बदललं की भागतं; पडद्यावर गिरगावातला तो जिना दिसला की वाडीतला कुणीही ओळखतो. मग अब्रुनुकसानीची नोटीस तिच्याच दारात. सिनेमात यांतल्या निम्म्यांना दाराबाहेर ठेवता येतं.

म्हणून पैसे कमी असले तरी मी सिनेमाकडे झुकतो. मोठ्या प्लॅटफॉर्मच्या बजेटात इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे जवळिकीचे सीन नटांच्या संमतीने बसवून देणारी, सहज बसते, हे मान्य. छोट्या निर्मात्याकडून ती करारात लिहून घ्यायची, ‘बघू’वर सोडायचं नाही.

आणि करार कुठलाही असो, मुदत वाचा. मुदत लिहिलेलीच नसेल, तर कॉपीराइट कायदा हक्क पाच वर्षांपुरते धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल, तर भारतापुरते. हे समोरच्या वकिलालाही ठाऊक असतं. मैत्रिणीला आलेल्या सिरीजच्या मसुद्यात ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे शब्द पहिल्याच पानावर होते. सिनेमावाल्याचा मसुदा दीड पानाचा, मुदतीची जागा कोरी. तिथे तिने पेन्सिलीने ‘5’ लिहिलाय.