डब्ल्यूएचओचा हँड हायजीन ऑब्झर्वेशन फॉर्म: वापरणारीचा अनुभव

एनएबीएचची (हॉस्पिटलचा दर्जा तपासून मान्यता देणारी संस्था) तयारी सुरू झाली की प्रत्येक हॉस्पिटलला हँड हायजीन कॉम्प्लायन्सचा, म्हणजे हात साफ करायला हवे होते त्यापैकी किती वेळा केले याचा आकडा लागतोच, आणि मग कोणीतरी घाईघाईत एक्सेलमध्ये "हात धुतले: हो / नाही" असा तक्ता बनवतं. तसलं काही करू नका. डब्ल्यूएचओचा फॉर्म फुकट डाउनलोड होतो, तोच घ्या. मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे, आयसीयूत आणि सर्जरी वॉर्डात हाच वापरते.

या फॉर्मची खरी ताकद म्हणजे तो नुसते हात धुतलेले मोजत नाही, हात साफ करायची वेळ किती वेळा आली होती ते आधी मोजतो. असे पाच प्रसंग ठरलेले आहेत: पेशंटला हात लावण्याआधी, कॅथेटर-लाइन-ड्रेसिंगसारख्या स्वच्छ कामाआधी, रक्त-लघवी वगैरेशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लागल्यावर. आता समजा डॉक्टर बेड चारच्या पेशंटचं पोट तपासून मध्ये कुठेच हात न लावता थेट बेड पाचकडे गेले, तर कारणं दोन झाली (एकाच्या नंतर, दुसऱ्याच्या आधी) पण हात एकदाच चोळायचे आहेत, म्हणून संधी (हात साफ करायलाच हवे होते असा क्षण) एकच धरायची. हे नीट कळलं नाही तर टक्केवारीच चुकते, आणि घरगुती तक्त्यांमध्ये नेमकं हेच चुकलेलं असतं. ग्लोव्हजचंही तसंच, ग्लोव्हज घातले पण हात साफ केले नाहीत तर ती संधी हुकलीच, फक्त ग्लोव्हज होते एवढी खूण वेगळी करायची.

नाव कुणाचंच लिहायचं नाही, फक्त नर्स, मदतनीस, डॉक्टर, इतर असा प्रकार लिहायचा, हे मला फार आवडतं. सिस्टर आणि मावशींना एकदा कळलं की हा कागद मेमो द्यायला नाहीये, की त्या स्वतःहून सांगायला लागतात की ताई इथे बाटलीच हाताशी नसते.

कमी काय आहे तर हात कसे चोळले ते यात येत नाही. हँडरबला (हाताला चोळायचं अल्कोहोलचं जंतुनाशक) 20 ते 30 सेकंद आणि साबण-पाण्याला 40 ते 60 सेकंद लागतात, पण दोन सेकंद हात पुसल्यासारखं केलं तरी खूण तीच होते. अंगठा आणि बोटांची टोकं राहिली का, हे वेगळं बघावं लागतं.

दुसरी अडचण मोठी आहे आणि ती फॉर्मची नाही, बघणाऱ्याची आहे. क्लिपबोर्ड घेऊन उभं राहिलं की सगळे हात चोळतात! टोरांटोच्या 2014 च्या अभ्यासात ऑडिटर (मोजणारा माणूस) दिसत असताना हँडरब-साबणाच्या डिस्पेन्सरचा वापर जवळपास तिप्पट आढळला होता. त्यामुळे कोणी 95 टक्के सांगितले की मी आधी विचारते, कधी बघितलंत, सकाळच्या राऊंडला की रात्री दोनला? साधारण 20 मिनिटंच बसायचं, एका वेळी तीनपेक्षा जास्त लोकांवर नजर ठेवायची नाही, नाइट शिफ्ट आणि ड्रेसिंगची वेळ मुद्दाम पकडायची. एका वॉर्डसाठी 200 संधी गोळा करा असं डब्ल्यूएचओ सांगतं, त्याला वेळ लागतो पण तीस-चाळीस संधींवर काढलेल्या टक्क्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. जोडीला महिन्याला हँडरब किती लिटर संपला तेही दर 1000 पेशंट-दिवसांमागे (एक पेशंट एक दिवस ॲडमिट म्हणजे एक पेशंट-दिवस) काढा, कारण ते मोजताना कोणी कुणाकडे बघत नसतं.

मीटिंगमध्ये एकच गोळाबेरीज टक्का दाखवू नका प्लीज. पाचही प्रसंग वेगळे करून बघा, बहुतेक ठिकाणी "नंतर"चे आकडे बरे असतात आणि "आधी"चे पडलेले, म्हणजे माणूस स्वतःला जपतो आणि पेशंट राहून जातो. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असलेल्या पेशंटला तोच "आधी" साफ न केलेला हात महागात पडतो, इन्फेक्शन होऊ शकतं.

नवीन माणूस मोजायला बसवणार असाल तर आधी जुन्याबरोबर एकाच बेडसमोर बसवून दोघांचे कागद ताडून बघा, फरक आला तर तिथेच बोलून घ्या आणि मगच एकट्याला पाठवा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.